भोंगा वाजतो तेव्हा

थोरल्या नातीला जुळं झालं आणि व्हर्लिन स्टकी एका दिवसात दोघांचा पणजोबा झाला, त्या वर्षाची ही गोष्ट. कॅन्ससमधल्या ओल्सबी गावात तो जन्मला आणि तिथल्याच धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं राबला. वाचायला मात्र तो एकसष्टाव्या वर्षी शिकला, गावच्या ग्रंथालयात. त्याआधी हॉटेलात गेला की शेजारच्याची थाळी बघून तो म्हणायचा, "मलाही तेच द्या."

म्हातारपणी त्याला लिहिण्याचा नाद लागला, याचं म्हणूनच कुणाला नवल वाटलं नाही. इंटरनेटवर एक चावडी होती. जगभरचे लोक तिथे अमेरिकेबद्दल प्रश्न विचारायचे आणि इथले लोक उत्तरं द्यायचे. तुमच्या शाळेच्या बस खरंच पिवळ्या असतात का? शेजारी राहायला आलेल्याला तुम्ही खायला नेऊन देता, मग ते भांडं परत कसं मागता? व्हर्लिन सकाळी कॉफी घेऊन बसायचा आणि एका बोटानं टाइप करत उत्तरं द्यायचा. वाचणारे हसायचे, वाहवा करायचे. ज्याला साठ वर्षं स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्याचं लिहिलेलं आता ब्राझीलमध्ये वाचलं जात होतं.

एप्रिलमध्ये मारिविक दुमलाओ नावाच्या बाईचा प्रश्न आला. भोंगा वाजला की कॅन्ससचे लोक काय करतात?

टोर्नेडो, म्हणजे सोंडेसारखं जमिनीला टेकणारं चक्रीवादळ, जवळ आला की आमच्या गावांतून इशाऱ्याचा भोंगा वाजतो. व्हर्लिनला खुदकन हसू आलं. त्यानं लिहिलं, "भोंगा वाजला की टीव्हीवरचा माणूस ओरडतो, तळघरात जा. बायका तळघरात जातात. खरा कॅन्ससवाला कॉफी घेऊन ओसरीवर खुर्ची टाकतो, समोरच्याला हात करतो, आणि ढग आपल्याकडे येतोय की पलीकडच्या गावाकडे, यावर पैज लावतो. आत जायचं ते खुर्ची उडाल्यावर."

सहा हजार लोकांना ते आवडलं. त्यानं ग्रंथालयात जाऊन प्रश्नासकट त्याचा कागद छापून आणला. त्याची बायको आर्लिस तो स्वयंपाकघरात लावू देईना, म्हणून तळघरातल्या जुन्या फ्रीजवर चिकटवला.

"हे खोटं आहे, व्हर्लिन," आर्लिस म्हणाली.

"खोटं? गेल्या खेपेला मी कुठे होतो?"

"ओसरीवर. मूर्खासारखा."

"मग खरंच लिहिलंय की."

मंडळी, यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. आमच्याकडे दर सोमवारी दुपारी बाराला भोंगा वाजवून बघतात. कुत्री गळा काढतात, माणसं घड्याळं लावतात. वर्षाचे बावन्न सोमवार ऐकलेल्या आवाजाची भीती किती दिवस टिकणार? टोर्नेडो आजवर नेहमी पलीकडच्या गावावर गेला होता. पलीकडच्या गावातही माणसंच राहतात, हे ओसरीवर बसून ध्यानात येत नाही.

एकवीस मेला, मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला भोंगा वाजला. तो सोमवार नव्हता.

"व्हर्लिन, खाली चल," आर्लिस जिन्यावरून म्हणाली. तिच्या हातात विजेरी आणि रेडिओ होता.

"आलो. जरा बघतो."

तो कॉफीचा कप घेऊन ओसरीवर बसला. वारा पडला होता. पक्ष्यांचा आवाज नव्हता. उत्तरेला पलीकडच्या हार्लो गावाच्या बाजूचं आभाळ जुन्या तांब्यावर चढतो तसल्या हिरव्या रंगाचं झालं होतं. इतक्यात खिशातला फोन थरथरला. चावडीवर मारिविकचा निरोप आला होता.

"सर, भोंगा वाजतो आहे. तुम्ही सांगितलंत तशी कॉफी करून ओसरीवर बसले आहे. शेजारचे काकाही बसले आहेत. आभाळ हिरवं झालं आहे. आत नक्की केव्हा जायचं असतं?"

व्हर्लिनच्या हातातला कप गुडघ्यावर कलंडला. कॉफी कढत होती, पण त्याला ती जाणवलीच नाही. तो टाइप करू लागला. बोट चुकीच्या अक्षरावर पडायचं, पुसायचं, पुन्हा पडायचं. आत्ता जा. तळघरात. पळ. पाठवायचं बटण दाबलं, तर निरोपाशेजारचं चक्र नुसतं फिरत राहिलं. घरातले दिवे गेले.

"व्हर्लिन!"

या खेपेला तो उठला. आर्लिसनं त्याला दंडाला धरून खाली नेलं.

तळघरात काकडीच्या लोणच्याच्या बरण्या आणि खोक्यातलं नाताळचं झाड होतं. दोघं जिन्याखाली बसली. डोक्यावरून आगगाडी जावी तसा आवाज आला आणि उत्तरेकडे गेला. मग रेडिओवरचा माणूस म्हणाला, "टोर्नेडो हार्लोमध्ये जमिनीला टेकला आहे. वृद्धाश्रमामागच्या चाकांवरच्या ट्रेलर-घरांच्या वस्तीत जे असतील त्यांनी..." पुढचं खरखराटात बुडालं.

वृद्धाश्रम हा शब्द व्हर्लिननं कुठेतरी वाचला होता. त्यानं विजेरी घेतली आणि फ्रीजवरच्या कागदावर धरली. वर मारिविकचा प्रश्न होता, पूर्ण छापलेला. पहिली ओळ सोडून त्यानं तो कधी नीट वाचलाच नव्हता.

"भोंगा वाजला की कॅन्ससचे लोक काय करतात? मी फिलिपाइन्सहून नुकतीच हार्लोला आले आहे, वृद्धाश्रमात नर्स आहे. मी ट्रेलरमध्ये राहते. माझ्या घराला तळघर नाही. मी कुठे जावं?"

व्हर्लिन खाली बसला. "तिनं वाट विचारली होती, आर्लिस. मी विनोद सांगितला. आणि आत्ता तिला तळघरात पळ म्हणून लिहिलं. तिला तळघरच नाही."

आर्लिसनं विजेरी त्याच्या हातातून घेतली. मग म्हणाली, "नवीन वाचायला शिकलास तेव्हा तू टपालातून आलेला प्रत्येक कागद खरा मानायचास. पाठदुखीच्या पट्ट्याची जाहिरात मला दोनदा वाचून दाखवलीस. आठवतं?"

"छापलेलं खोटं असेल असं वाटायचंच नाही."

"मग आपल्या देशात नवीन आलेली बाई तुझं लिहिलेलं कशी वाचणार? तुझे सहा हजार लोक घरी सुखरूप बसून हसले. तिला त्यावर जगायचं होतं."

दुसऱ्या दिवशी ती दोघं हार्लोला निघाली, पण रस्त्यावर पोलिसांनी अडवलं. विजेचे खांब आडवे पडले होते. कुंपणाच्या तारांत पत्रे गुंडाळले गेले होते. एका झाडावर कुणाचीतरी ओसरीवरची खुर्ची अडकली होती. व्हर्लिन तिच्याकडे बघत गाडीत बसून राहिला. त्यानंतर दोन दिवस तो फोन तळहातावर घेऊन बसायचा. निरोपाशेजारचं चक्र थांबलं होतं. निरोप पोचला होता, पण कुणी वाचला नव्हता.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं.

"सर, मी बरी आहे. फोन आज ढिगाऱ्यात सापडला. तुमच्या उत्तराची थोडा वेळ वाट पाहिली. मग आईची आठवण झाली. आमच्या बेटावर वादळाआधी पक्षी गप्प झाले की आई कुणाला विचारत बसत नसे. वस्तीत कपडे धुण्याची सिमेंटची खोली आहे, तिथे पळाले. शेजारच्या गेलॉर्डकाकांना हाका मारल्या. ते म्हणाले, पोरी, अजून पाच मिनिटं आहेत. मी दार धरून उभी राहिले, जमेल तोवर. तुमचं उत्तर मीच त्यांना दाखवलं होतं. ते खूप हसले होते. म्हणाले होते, हा लिहिणारा आपल्यातलाच दिसतो."

व्हर्लिननं फोन आर्लिसच्या हातात दिला आणि ओसरीवरची खुर्ची आत ओढून आणली.

त्या संध्याकाळी त्यानं चावडीवरचं जुनं उत्तर पुसून नवं लिहिलं. एका बोटानं, दीड तास. "मी चुकीचं लिहिलं होतं. भोंगा वाजला की आत जा. तळघर नसेल तर कुठे जायचं ते आजच, उजेड आहे तोवर, चालत जाऊन बघून या. ओसरीवर बसलेल्याला पाहून थांबू नका. तो शूर नसतो, त्याला फक्त सवय झालेली असते. आणि तुम्ही त्याचे शेजारी असाल, तर त्याला हाताला धरून आत न्या." ते अकरा जणांना आवडलं.

आता व्हर्लिन सोमवारी बाराच्या भोंग्यालाही तळघरात उतरतो. शेजारी थट्टा करतात, तो करू देतो. प्रश्न मात्र शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय तो उत्तराला हात घालत नाही. मंडळी, आपल्या घराच्या सवयी परक्याला सांगताना आपण हसण्यावारी नेतो. ऐकणारा कदाचित जिवाच्या भीतीनं विचारत असतो. त्याला आधी वाट दाखवावी, विनोद मागाहून करावा.

हार्लोचा गेलॉर्ड प्रुइट त्या वर्षी एकवीस मेला, मंगळवारी, संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना आपल्या ओसरीवर वारला. तो सहासष्ट वर्षांचा होता.