हो किंवा नाही म्हणा

पनवेलच्या आमच्या ऑफिसात फोन केलात तर जो गोड आवाज ऐकू येतो, तो माझा आहे. आम्ही घरोघरी ऑक्सिजन सिलिंडर पोचवतो. गेल्या महिन्यात आमच्या मालकांनी, कृष्णकांत सरांनी, टेबलावरचे जुने फोन काढले आणि सगळा कारभार इंटरनेटवर नेला. आता फोन आधी मशीन उचलतं, प्रश्न विचारतं, उत्तर ऐकतं आणि मग कॉल माणसाकडे देतं.

मशीनच्या आवाजासाठी माझी निवड झाली तेव्हा मला मनापासून हसू आलं होतं. मी उरणजवळच्या करंजाच्या कोळ्याची मुलगी. दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकाला "गाडी हाय ना?" असं विचारलं आणि महिनाभर ‘हाय-नाय मॅडम’ हे नाव चिकटलं. मग मी जीभ अशी घासूनपुसून घेतली, की खारघरच्या टॉवरमध्ये जन्मल्यासारखी बोलू लागले.

सिस्टीम बसवणारा अपूर्व खारघरचाच. त्यानं एक गंमत दाखवली. लोक मशीनलाही हाय-हॅलो करतात म्हणे, म्हणून कुणी ‘हाय’ म्हटलं की मशीन पुन्हा नमस्कार करणार. सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या मनात तेव्हाच आलं, की आमच्याकडे ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. पण ते बोलायचं म्हणजे सुटलेलं नाव पुन्हा ओढवून घ्यायचं. मी गप्प बसले.

त्या बुधवारी एका हॉस्पिटलची दोन माणसं ही सिस्टीम बघायला आली होती. त्यांचं काम मिळावं म्हणून सरांचा जीव टांगणीला लागलेला. आमचे मोबाइल नेहमीप्रमाणे कपाटात बंद. सर लॅपटॉपवरून समजावत होते आणि भिंतीवरच्या पडद्यावर चालू कॉल दिसत होते. एक कॉल दुसऱ्या प्रश्नाशी यायचा, मागे जायचा आणि तुटायचा. मग परत यायचा. तिसऱ्या वेळी मी नंबर नीट पाहिला. तो बाबांचा होता.

माझी आई, दमयंती, वर्षभर ऑक्सिजनवर आहे. घरी विजेवर चालणारं यंत्र आहे, आणि वीज गेली तर म्हणून एक सिलिंडर. बाबा उगीच फोन करणारे नव्हेत.

मी हेडफोन लावला. माझ्या जागेवरून कॉल फक्त ऐकता यायचा.

"रुग्ण सध्या ऑक्सिजनवर आहे का? हो किंवा नाही म्हणा," मी विचारत होते. माझाच आवाज, शांत, शुद्ध.

"हाय," बाबा म्हणाले.

"नमस्कार! आपलं स्वागत आहे."

"अगो भावना, आयक ना. हाय म्हनतो ना. हाय!"

"नमस्कार! आपलं स्वागत आहे."

त्यांच्या मागे आईचा श्वास ऐकू येत होता, तुटका, घरघरणारा. मशीन तीनदा विचारतं आणि फोन ठेवतं. आता शेवटची खेप होती.

मध्ये बोलण्याची सोय फक्त सरांच्या लॅपटॉपवर. मी धावत गेले, हा कॉल आत्ता घ्यायला हवा म्हणाले. सरांनी पाहुण्यांकडे बघत हातानंच थांब म्हटलं. मी त्यांच्या हातातला माउस ओढला आणि बटण दाबलं. खोलीतला स्पीकर चालू झाला.

"बाबा, मी हाय."

बाबांनी विचारलं, "तू, का मशीन?"

"मीच हाय. मशीन हाय म्हनत नाय."

सकाळपासून वीज नव्हती. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात उतरला होता. माझ्या मोबाइलवर किती वेळा करून पाहिलं, ते त्यांनी मोजलंही नव्हतं. आमचा ड्रायव्हर मिथुन तेव्हा उरणला माल उतरवत होता. मी सरांच्या मोबाइलवरून त्याला सगळं सोडून आधी करंजाला जायला सांगितलं. तो म्हणाला, वीस मिनिटं लागतील. आईला उशांच्या आधारानं बसवून ठेवा, शेजाऱ्यांची रिक्षा दारात उभी करून ठेवा, असं मी बाबांना सांगत राहिले. त्यांनी फोन आईजवळ ठेवला. स्पीकरमधून येणारा एकेक श्वास मी मोजत होते आणि दोन श्वासांतलं अंतर वाढलं की सरांचं टेबल घट्ट धरत होते.

अठराव्या मिनिटाला मिथुनचा आवाज आला. पान्याचा खडखडाट झाला, मग हवेची फुसफुस. बऱ्याच वेळानं आईनं पाणी मागितलं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले.

बाबांनी फोन पुन्हा हातात घेतला. रागावलेले नव्हते, फार दमले होते.

"कवाचा सांगतो गो तुला, हाय म्हनून. तू आपली दर वेलेला नमस्कार करत व्हतीस."

सर, पाहुणे, अख्खं ऑफिस ऐकत होतं.

"माजा चुकला, बाबा," मी म्हटलं.