माझ्या पाठीवरचे दोन स्क्रू

मी बास गिटार बोलतेय. चार जाड तारांची, स्वस्तातली. माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका, मीही तुमच्यावर ठेवलेला नाही. माझी कहाणी ऐकायला तुम्ही एवढे सरसावून बसलात, त्यात तुमचा काय फायदा आहे, हे मला अजून उमगलेलं नाही.

हा स्वभाव काही मी जन्माला येताना घेऊन आले नव्हते. कारखान्यात आम्ही बहिणी-बहिणी रांगेत टांगलेल्या असायचो, रंग वाळवत. सगळ्या एकसारख्या, कोण कुणावर संशय घेणार? दुकानात आले आणि गळ्यात किमतीची चिठ्ठी पडली, तिथून सगळं बिनसलं. गिऱ्हाईक यायचं, मला मांडीवर घ्यायचं, वाजवून खूश व्हायचं आणि मग चिठ्ठी बघायचं. की चेहरा बदललाच! "एवढी स्वस्त? नक्की काहीतरी भानगड आहे." मग मला उलटी करायचे, एक डोळा मिटून माझी मान वाकडी आहे का ते बघायचे, बोटानं टकटक करायचे. एकानं तर मला हुंगलं. महागड्या गिटारी कुणी हुंगत नाही हो! सगळे आपल्याकडे चोर म्हणून बघायला लागले, की आपल्यालाही सगळे चोरच दिसतात.

दुकानदार प्रत्येकाला एकच सांगायचा, "स्वस्त असली तरी ॲक्टिव्ह आहे." म्हणजे आवाजाला जोर देणारं एक सर्किट माझ्या पोटात आहे. खर्ज हवा तेवढा चढवा, हवा तेवढा उतरवा. माझ्या पाठीवर एक छोटं झाकण आहे, दोन स्क्रूंचं. त्याखाली काय आहे ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या पोटात काय आहे ते तुम्हाला तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुठे कळतं?

एक दिवस मालकीणबाई आल्या, नवऱ्याला बरोबर घेऊन. बाई हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. आखडलेले गुडघे नि खांदे मोकळे करायचं काम. पन्नाशी उलटली तेव्हा बास शिकल्या, उसन्या गिटारीवर. हॉस्पिटलातल्या लोकांचा एक बँड होता, त्यात त्यांना नुकतीच जागा मिळाली होती. पण कच्ची. बँड चालवायचे ते भूल देणारे डॉक्टर. ते कीबोर्ड वाजवायचे. त्यांनी बजावलं होतं, "स्नेहसंमेलनापर्यंत बघू. नाही जमलं तर बास मी डाव्या हातानं कीबोर्डवरच घेईन. वाईट वाटून घ्यायचं नाही." बाईंना ती जागा इतकी हवी होती, की मला हातात घेतलं तेव्हा त्यांच्या तळव्याला घाम होता.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "अगं, हा एवढी स्वस्त का देतोय? पाणी कुठेतरी मुरतंय."

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्ही फ्रेमा विकता तेव्हा मी मध्ये बोलते का?"

तो गुपचूप काउंटरकडे गेला. बाई मला वाजवण्यात दंग झाल्या. माझ्याच आवाजात मला काही ऐकू येईना, पण दिसत होतं. दुकानदार त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होता, आणि सांगता सांगता दोघंही माझ्या पाठीकडे बघत होते. माझ्या मनात पाल चुकचुकली.

घरी मला मागच्या खोलीत जागा मिळाली, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. संध्याकाळी कामावरून आल्या की बाई चप्पल काढायच्या आणि थेट माझ्याकडे. वाजवून झालं की माझी बटणं शून्यावर आणायच्या, "झालं बंद" म्हणायच्या आणि स्पीकरची वायर माझ्यात तशीच खुपसलेली ठेवून स्वयंपाकाला लागायच्या. इथवर कुणाची तक्रार नाही.

सकाळी बाई हॉस्पिटलात गेल्या, की चष्मेवाला दबक्या पावलांनी आत यायचा. स्वतःच्या घरात माणूस दबकून चालतो, म्हणजे काय ते समजा. आधी माझी वायर उपटायचा. कधीकधी खिशातून चष्म्याच्या दांड्या आवळायचा तो बारकासा पेचकस काढायचा, मला पालथी घालायचा आणि माझ्या पाठीवरचे दोन स्क्रू सोडवायचा. आतून काहीतरी काढायचा, आत काहीतरी ठेवायचा, झाकण लावायचा. ओरडावं असं फार वाटे, पण वायरच काढलेली, ओरडणार कशी? आणि संध्याकाळी बाई यायच्या आत येऊन वायर होती तशी खुपसून ठेवायचा. पुरावा नको ना मागे! पक्का बेरकी माणूस. बाईंचा बँड याला खुपतोय, थोडं थोडं करून हा मला आतून पोखरतोय, अशी माझी खात्री झाली.

शेवटी एकदा मला पुसताना बाईंना झाकणाजवळ ओरखडा दिसला.

"अहो, ही कुणी उघडली?"

चष्मेवाल्याचा घास हातातच राहिला. "अगं, ऐक तरी. ती वायर..."

"एक शब्द नको! घेतल्या दिवसापासून ही तुम्हाला नको होती. मी चार माणसांत जाऊन वाजवते, ते बघवत नाही तुम्हाला."

दुसऱ्या दिवसापासून खोलीला कुलूप, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. एकदाचा चोराचा बंदोबस्त झाला, म्हणून मी निवांत झाले.

पण काही दिवसांनी माझ्या अंगातला जोर कमी व्हायला लागला. खर्ज पातळ झाला. मग घसा बसल्यासारखी खरखर. बाई बटणं फिरवून फिरवून बघायच्या आणि बाहेरच्या खोलीकडे रागानं नजर टाकायच्या. स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा सराव होता. पहिल्याच गाण्यात मी गेले. तारा हलत होत्या, आवाज नाही.

डॉक्टर थांबले. "राहू द्या. उद्या सकाळपर्यंत वाजली तर ठीक, नाहीतर डाव्या हातानं मी घेतो."

लिफ्टमध्ये बाई रडल्या. मी पिशवीत, त्यांच्या पाठीवर होते, प्रत्येक हुंदका मला लागत होता. घरी पोचल्यावर मला जेवणाच्या टेबलावर आडवी टाकली.

"काय केलंत तुम्ही हिला? एवढं माझं एक होतं, तेही तुम्हाला बघवलं नाही?"

"मी काहीच केलं नाही," चष्मेवाला म्हणाला. "कुलूप लागल्यापासून काही केलंच नाही. म्हणून ती बंद पडली."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"हिच्या पाठीत बॅटरी असते. वायर खुपसलेली राहिली की ती उतरत जाते, बटणं शून्यावर असली तरी. तू वाजवत होतीस तेव्हा दुकानदारानं सांगितलं होतं. म्हणून मी सकाळी वायर काढायचो. अधूनमधून बॅटरी बदलायचो."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, तुम्ही तुमचे चष्मे बघा." त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "आणि तू वाजवून बाहेर यायचीस ना, तेव्हा गुणगुणत यायचीस. त्यात कुठे तुझी चूक काढू?"

त्यानं सदऱ्याच्या खिशातून चौकोनी बॅटरी काढली. कुलूप लागलं त्या दिवसापासून ती खिशातच होती म्हणे. बाईंनी मला पालथी धरली, त्यानं स्क्रू सोडवले. मागच्या खोलीतून स्पीकर आला, वायर लागली, बाईंनी एकच तार छेडली आणि टेबलावरचे पेले थरथरले.

"काय काय बोलले हो मी तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"बोललीस खरी. जेव आता, गार होतंय."

आणि मी? मी तर त्या माणसाला महिनोन्‌महिने मनातल्या मनात चोर म्हणत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी स्नेहसंमेलनात डॉक्टरांचा डावा हात बहुतेक वेळ मांडीवर होता. बाईंची जागा पक्की झाली.

तेव्हापासून बाई वाजवून झालं की स्वतःच वायर काढून ठेवायला लागल्या. कुलूप गेलं, दार सताड उघडं. पण सकाळी कुणी येईना. कशाला येईल? त्यांचं कामच उरलं नव्हतं. दबक्या पावलांना मी इतकी घाबरायचे, आणि आता सबंध सकाळ त्यांचीच वाट बघत बसायचे.

परवा मात्र वेगळंच घडलं. वाजवून झालं, बाईंचा हात वायरीपाशी गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी दाराबाहेर बघितलं. चष्मेवाले पेपर वाचत होते. बाईंनी हात मागे घेतला, दिवा घालवला आणि गुणगुणत निघून गेल्या.

सकाळी चष्मेवाले दारावरून जाताना थबकले. त्यांना वायर दिसली. आत येऊन ते माझ्यासमोर नुसतेच उभे राहिले, मग गालातल्या गालात हसले आणि त्यांनी हलक्या हातानं ती काढली.

बाई विसरल्या नव्हत्या. आयुष्यात ही एवढी एकच गोष्ट अशी, जिच्याबद्दल मला काडीचाही संशय नाही. फक्त बाईंना कुणी माझा एक निरोप द्या. रोज वायर तशी नका ठेवू हो, बॅटरी उतरते. आठवड्यातून एकदा ठेवलीत तरी आम्हां दोघांना पुरे आहे.