साइटवरची खोगीरभरती

शिलाई मशीन अडलं की अख्ख्या वस्तीत एकाच बाईला हाक जायची. तिला सगळे मशीनवालीच म्हणत. मशीन चालवून बघताना ती डोळे मिटायची, कान द्यायची आणि सांगायची, "बॉबिन उलटी भरलीय." वस्तीबाहेर मात्र तिला काळं कुत्रं ओळखत नव्हतं, म्हणून नवऱ्याने तिची वेबसाइट काढली.

नवरा भूगोलाचा मास्तर. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्याच्या हौसेला लगामही नव्हता. मशीनवर एक पान लिहून झालं, मग एवढी मोकळी जागा वाया कशाला घालवायची, म्हणून त्याने ज्वालामुखींवर लेखमाला टाकली. ते बघून सासूबाईंनी खोकल्यावरचे उपाय लिहून दिले. दिराने जुनी गाडी घेताना काय तपासावं ते सांगितलं. मांजराचे फोटो कुणी टाकले, ते मात्र शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही.

फोन यायचे क्वचित, आणि यायचे ते असे:

"मॅडम, गाडीचा क्लच घसरतोय."

"अहो, मी शिलाई मशीनं दुरुस्त करते."

"मग गाड्यांत कशाला पडलात?"

एका रविवारी धाकटी नणंद जेवायला आली. लोकांच्या साइट बनवणं हेच तिचं पोटापाण्याचं काम. एका हाताने जेवत, दुसऱ्या हाताने तिने फोनवर 'शिलाई मशीन दुरुस्ती' शोधलं. अंगठा खाली खाली सरकत राहिला. आमटी गार झाली.

"सापडलीस बाई! पण इतकी मागे, की तिथवर पोचेपर्यंत माणूस नवं मशीन घेऊन मोकळा होईल."

"का गं? माझं काम वाईट आहे?"

"कामाला कोण नावं ठेवतंय, वहिनी! सर्च इंजिन प्रत्येक साइट चाळतं आणि अंदाज बांधतं, ही नक्की कशाबद्दल आहे. तुझी चाळून त्याला वाटत असणार, ही बाई खोकणाऱ्या ज्वालामुखीला जुनी गाडी विकते."

मशीनवालीला असं हसू फुटलं की ठसकाच लागला. सासूबाई तिच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाल्या, "बघ, माझा उपाय लागला ना उपयोगी?"

"एक ना धड, भाराभर चिंध्या झाल्यात," धाकटी म्हणाली. "मशीन सोडून बाकी सगळं काढायचं. आणि मशीनवर एक पान पुरत नाही. लोकांना अडचण येते त्या प्रत्येक गोष्टीवर लिहायचं."

मास्तरांचा चेहरा पडला. "माझे ज्वालामुखीसुद्धा?"

"दादा, तुला वेगळी साइट काढून देते. तिथे खुशाल फुटत बस."

मग रोज संध्याकाळी मशीनवाली बोलायची आणि धाकटी टाइप करायची. टाका का सुटतो. दोरा खाली गुंता का करतो. सुई सारखी का मोडते. मशीनच्या आवाजांवर आल्यावर तर दोघींच्या उत्साहाला ऊत आला. "घर्रर्र म्हणजे तेल नाही. खट्-खट् म्हणजे सुई पट्टीला लागतेय. आणि कुईं..." मशीनवालीने असं काही 'कुईं' काढलं की मांजर कपाटावर चढलं.

काही आठवडे साइट जागची ढिम्म हलली नाही. मशीनवाली दिवसातून कितीदा तरी स्वतःलाच शोधायची. "जरा धीर धर, वहिनी," धाकटी म्हणायची. आणि मग ती हळूहळू वर सरकू लागली. एके सकाळी मास्तर दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर धावत आले, "अगं, पहिल्या पानावर! तिसरी!" तिने आनंदाच्या भरात त्या फेसाळ गालाचा मुका घेतला, सासूबाईंसमोर.

त्याच आठवड्यात एका नाटक कंपनीच्या कपडेपटातून फोन आला. बाई रडकुंडीला आलेली. "उद्या पहिला प्रयोग, दरबाराचे कपडे अर्धवट, आणि सगळी मशीनं एकदम टाके सोडतायत! 'टाका सुटतो' शोधलं तर तुमचं पान निघालं."

"नवा दोरा आणलात?"

"हो! जाडजूड, सोनेरी! तुम्हाला कसं कळलं?"

"सुया जुन्याच, बारीक ठेवल्या असतील. आले मी."

दिराने गाडी काढली. मास्तर हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसले. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्या पुढच्या सीटवर होत्या. कपडेपटात मशीनवालीने एकेका मशीनला मोठ्या नेढ्याची सुई घातली, दोऱ्याचा ताण सैल केला, चिंधीवर टाके घालून पाहिले. एकेक मशीन सुरळीत धावू लागलं तशी ती गुणगुणायला लागली. शेवटी सगळी एकदम सुरू झाली, तेव्हा कपडेपटाच्या बाईने तिला धरून गरगर फिरवलं. दोघी मखमलीच्या ढिगात पडल्या आणि उठेचनात, इतक्या हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळं घर पुढच्या रांगेत. महाराणी घेरदार झगा सावरत रंगमंचावर आली आणि दिव्याखाली तिची सोनेरी किनार लखलखली. नाटकाचं पहिलं वाक्यही झालं नव्हतं. मशीनवाली उठून उभी राहिली आणि टाळ्या पिटू लागली.

"अगं, बस खाली," मास्तर तिचा पदर ओढत कुजबुजले. "अजून कुणी काही बोललेलं नाही!"

"अहो, ती किनार बघा," ती म्हणाली, "एक टाका सुटलेला नाही!"