होडीतली पुढची फळी

हर्शेलने यादीच्या डोक्यावर तीन नावं लिहिली, तेव्हाच सेलीनाच्या पोटात दुखायला लागलं. एकोणीस वर्षं त्या यादीत दोनच माणसं धरलेली असायची. भाऊ मागे मोटरवर आणि थोरली बहीण पुढच्या फळीवर बंदूक घेऊन, हे अलास्कातल्या युकॉन नदीच्या काठावरच्या त्या सबंध गावाला पाठ होतं.

ऑगस्ट संपत आला होता. सेलीनाच्या स्वयंपाकघरात टेबलावर चहा, सुकवलेला सॅमन मासा आणि वडिलांच्या वेळचा नदीचा नकाशा असा पसारा होता. हर्शेलला खेटून त्याची नवी बायको डेल्फीन बसली होती. अँकरेज शहरातून ती शाळेत शिकवायला आली आणि गेल्या हिवाळ्यात हर्शेलच्या घरात कायमची राहिली. शिकारीची यादी करायला ती चार रंगांची पेनं घेऊन आली होती.

"पेट्रोलचे डबे सहा," डेल्फीन वाचू लागली. "ताडपत्र्या दोन. दोर, कप्पी, कुऱ्हाड. मांसाला कापडी पोती दहा. ताई, दहा पुरतील?"

"आम्ही आठ नेतो."

"मग दहाच लिहिते. असलेली बरी."

सेलीनाने सॅमनचा तुकडा कडकन मोडला. नव्याचे नऊ दिवस, असं ती गेले आठ महिने स्वतःला समजावत होती, पण हे नऊ दिवस काही संपायला तयार नव्हते.

"बसायचं कसं ते ठरवू," हर्शेल म्हणाला. बोलताना त्याने नकाशावरून डोळे वर केले नाहीत, त्यावरूनच तिने ओळखलं की हे घरी ठरवून आलेत. "मी मागे. डेल्फीनला पुढे बसू दे, तिची नजर चांगली आहे. तू मधे बस ताई, डब्यांना टेकून. तुझ्या गुडघ्यालाही बरं."

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?"

"मागच्या वर्षी उतरताना ओरडलीस."

"ओरडले नाही. शिवी दिली. फरक असतो."

डेल्फीन खळखळून हसली. हसणं अगदी निर्मळ होतं, आणि म्हणूनच सेलीनाला ते जास्त झोंबलं.

पुढची फळी म्हणजे नुसती बसायची जागा नव्हे. तिथल्या माणसाला काठ आधी दिसतो, हात वर करून मोटर बंद करायला तोच सांगतो आणि गोळीही तोच घालतो. वडिलांनी मरायच्या आधीच्या शरदात हर्शेलला डावलून सेलीनाला तिथे बसवलं होतं. "हिला गप्प बसता येतं," एवढंच ते म्हणाले होते. सेलीनाने आयुष्यात मिळालेली तेवढी एकच शाबासकी जपून ठेवली होती. आता त्या फळीवर चार रंगांची पेनं बसणार होती.

"आणि ताई," निघताना हर्शेल दाराशी थांबून हळूच म्हणाला, "तिला आपल्या रीती तूच सांग. मी सांगायला लागलो की ती मलाच शिकवते."

सेलीनाने सांगितल्या. चांगल्या ठासून ठासून सांगितल्या. हाडं कुत्र्यांपुढे टाकायची नाहीत. मांस ओलांडायचं नाही. सांध्यात सुरी घालायची, कुऱ्हाडीने फोडाफोड करायची नाही. "आणि तुझ्या हातून पहिला पडला ना, तर त्यातला एक घासही तुझा नाही. सगळा वाटायचा. म्हाताऱ्यांना आधी. नाक सगळ्यात मऊ, म्हणून ते आपल्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला." हे शेवटचं सांगताना तिला जरा गुदगुल्याच झाल्या. दहा पोती भरून आणायची आणि दहाही रिकामी करायची!

डेल्फीनने सगळं हिरव्या पेनाने उतरवून घेतलं.

एक गोष्ट मात्र सेलीनाने सांगितली नाही, आणि तीच सगळ्यात मोठी होती.

मूस. मी हे नाव खुशाल लिहितोय, कारण मला कुठे जायचं नाहीय. ज्याला जायचं असतं तो हे नाव तोंडातून काढत नाही. "जरा नदीवर फिरून येतो," म्हणतो, आणि ऐकणाराही "ये" म्हणून दुसरंच काहीतरी बोलतो. हरणाच्या जातीचं, घोड्याहून उंच असं ते जनावर सगळं ऐकतं, आणि आपल्याला गृहीत धरणाऱ्या माणसाच्या समोर कधी येत नाही, अशी या लोकांची पक्की समजूत. जागेचं नाव घेणं तर त्याहून वाईट. एकदा ती जागा चारचौघांत बोलली गेली की त्या वर्षापुरती संपली. घरातही हर्शेल आणि सेलीना नकाशावर छापलेल्या नावावर बोट ठेवत आणि "इथून असं" एवढंच म्हणत. गावातलं पाच वर्षांचं पोरही हे जाणून असतं, म्हणूनच कुणी ते मुद्दाम सांगत नाही. डेल्फीनला ते सांगायला हवं, हे सेलीनाला मात्र चांगलं आठवत होतं. उद्या सांगू, असं ती रोज ठरवत होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी डेल्फीन आली. सेलीना सुऱ्यांना धार लावत होती.

"ताई, एक सुचलंय. रेडिओवर आत्ताच विचारून ठेवू का, कुणाकुणाला मांस हवंय म्हणून? म्हाताऱ्यांची यादी तयार असली की आल्यावर धावपळ नको."

तिथे घरोघरी खिडकीत बोलायचा रेडिओ असतो. एकाने बोलायचं आणि गावाने ऐकायचं. सेलीनाची सुरी दगडावर थांबली. "अगं बाई, तसलं काही करू नकोस," एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे पुढच्या फळीवर ताठ बसलेली डेल्फीन आली, आणि मागून तिच्याकडे कौतुकाने बघणारा हर्शेल.

"तुझी मर्जी," सेलीना म्हणाली.

चार घरं पलीकडे जायला डेल्फीनला पाच मिनिटं लागली. ती पाचही मिनिटं सेलीना स्वतःच्या रेडिओपाशी उभी होती. हाक मारून थांबवता आलं असतं. तिने हात मागे बांधून ठेवले.

"मंडळी, मी डेल्फीन बोलतेय," रेडिओ खरखरला. "उद्या मी, हर्शेल आणि सेलीनाताई जुळ्या फाट्यावर मूस मारायला निघतोय. मांस कुणाला हवंय त्यांनी नावं सांगा. चांगला दांडगा नर आणणार आहोत!"

रेडिओ नुसता खरखरत राहिला. मग म्हातारी एफी घसा खाकरून म्हणाली, "आज वारा बरा आहे."

"हो," दुसऱ्या कुणीतरी घाईघाईने दुजोरा दिला, "कपडे वाळतील."

"माझा पिवळा कुत्रा कुणी पाहिला का?" तिसरा आवाज आला.

"हॅलो? माझं ऐकू येतंय का कुणाला?" डेल्फीन विचारत होती.

सेलीना हसली. तोंडावर पदर धरावा तसा एप्रन धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बरी जिरली! लिही म्हणावं आता लाल पेनाने! हर्शेलचे बूट पायऱ्यांवर वाजले तेव्हाही ते हसू तिच्या तोंडावर थोडं उरलेलं होतं, आणि ते पुसायला तिला वेळ मिळाला नाही.

"तिने तुला विचारलं होतं?" हर्शेलने आत न येताच विचारलं.

"विचारलं होतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"तुझी मर्जी, म्हणाले. शिकलेली बाई आहे. मी कोण तिला अडवणार?"

हर्शेलने दाराची कडी हातात धरली. तो ओरडला असता तर तिलाही ओरडता आलं असतं, आणि तिच्याजवळ आठ महिन्यांचा साठा होता.

"बाबांचा फाटा गेला या वर्षी," तो म्हणाला.

हे सेलीनाच्या मनातच आलं नव्हतं. डेल्फीनचं हसं होईल इथपर्यंत तिचा विचार पोचला होता आणि तिथेच पाय पसरून बसला होता. जुळा फाटा, नदीला दोन ओढे मिळतात ती जागा, काही डेल्फीनची नव्हती. ती वडिलांची होती, तिची होती. एकोणीस शरद तिने तिथल्या पाण्यावरचं धुकं पाहिलं होतं. भावजयीच्या पायावर टाकायला उचललेला धोंडा थेट तिच्याच पायावर पडला होता.

"दुसरीकडे जाऊ मग," ती पुटपुटली. "नदी काय लहान आहे?"

"जाणारच आहोत. मी आणि ती. नवीन जागी वाट कशी आहे माहीत नाही, होडी हलकी हवी." त्याने दाराची कडी हातात धरली होती. "तुला यायचं तर ये. तुझी मर्जी."

'ये' म्हणाला खरा, पण तिचेच दोन शब्द त्याने तिला परत केले होते. तेवढ्यावर जाईल ती सेलीना कसली?

सकाळी तिने खिडकीतून त्यांना होडी भरताना पाहिलं. वडिलांचं ते वाळलेलं हाड, मूसच्याच खांद्याचं, तिच्या चुलीजवळ खिळ्याला टांगलेलं असे. झुडपावर घासलं की दुसरा नर शिंगं घासतोय असं वाटून लांबचा नर चिडून पुढे येतो. ते हाड तिने फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवलं होतं. मागायला आला तर देणार नाही, असं तिने ठरवलं होतं. मग आला तर द्यावं, असं ठरवलं. हर्शेल आला नाही. त्याने मोटरच्या तेलाचा एक रिकामा डबा होडीत टाकला. घासला तर त्याचाही आवाज होतो, पण तो काय आवाज! डेल्फीन पुढच्या फळीवर जाऊन बसली. तिच्या हातात एकही पेन नव्हतं.

आठ दिवस सेलीनाने घर घासूनपुसून काढलं. त्यांना काही मिळू नये असं तिला वाटे, आणि लगेच आपल्या भावाचा हिवाळा उपाशी जावा असं वाटून घेतल्याबद्दल स्वतःची किळस येई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नवव्या दिवशी दुपारी होडी आली, काठोकाठ पाण्यात बसलेली. गावाने बघून न बघितल्यासारखं केलं. सेलीना दारात उभी राहून मनात हिशेब मांडत होती, की आता ही बया चांगलं चांगलं आपल्याकडे ठेवेल आणि मी चार लोकांत बोलून दाखवीन.

डेल्फीन होडीतून उतरली ती थेट तिच्याकडेच आली. केसांना धुराचा वास, गालावर झुडपाचा लांब ओरखडा. हातातलं जड पोतं तिने दोन्ही हातांनी पुढे केलं.

"सगळ्यात आधी तुमच्याकडे, ताई. नाक सगळ्यात वयस्कर माणसाला, असं तुम्हीच सांगितलं होतंत. आपल्या घरात तुम्हीच."

सेलीनाने पोत्याचं तोंड उघडलं. आत नाक होतं, रुंद, केसाळ, अजून ओलं. एकोणीस वर्षं ती स्वतः हे नाक घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांच्या दारी गेली होती. ते घेताना ती माणसं दाराच्या चौकटीचा आधार कसा घेत, हे तिला माहीत होतं. आणि एकदा कुणाच्या दारी नाक गेलं की तो माणूस पुन्हा पुढच्या फळीवर बसत नाही, हेही तिला माहीत होतं. तिचाही एक हात चौकटीकडे गेला. ओझं जड होतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

"पहिलाच ना तुझा?"

"हो."

"तू काय ठेवलंस?"

"काही नाही. घरी सॅमन आहे."

खोट काढायला जागाच नव्हती. तिच्या बोलण्यात एखादा टोमणा असता तर सेलीनाला किती बरं वाटलं असतं! पण टोमणाही नव्हता. डेल्फीन वळून जायला निघाली, आणि सेलीनाच्या तोंडून कधी नव्हे तो प्रश्न निसटला. एवढ्या वर्षांत तिने तो कुणाला विचारला नव्हता, आणि तिला कुणी विचारला असता तर तिने उत्तर दिलं नसतं.

"कुठे मिळाला?"

डेल्फीन थांबली. तिने सेलीनाच्या डोळ्यांत पाहिलं नाही. नदीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

"आम्ही आपले असेच फिरत होतो," ती हळू म्हणाली. "आज वारा बरा आहे, नाही?"

सेलीनाने पोतं छातीशी धरलं. वडिलांनी हिला पाहिलं असतं, तर पुढच्या फळीवर कुणाला बसवलं असतं, हे तिला त्या क्षणी कळून चुकलं.

"हो," ती म्हणाली. "कपडे वाळतील."