मास्तरांचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. माझा काळा रंग केव्हाच उडाला, पण माझी शिलाई अजून सरळ येते, हे सांगायला मी लाजत नाही.

मला घडवलं कारखान्यात, पण चालायला शिकवलं ते टेलरमास्तरांनी. दाराशी चपला काढून ते अनवाणीच माझ्यापुढे बसायचे. "पायाला मशीन कळली पाहिजे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आणि खरंच, त्यांच्या तळव्यांना सगळं कळायचं. मी जरा कुरकुरले की हातातलं काम टाकून ते आधी तेल घालत. गिऱ्हाइकांनी कॉलरची तारीफ केली की माझ्या पाठीवर थाप पडे. इतके लाड फार थोड्या मशिनींच्या वाट्याला येतात.

पुढे मास्तरांच्या रक्तातली साखर वाढल्याचं निघालं. गोळ्या आणल्या, पण आठवण झाली तरच घेतल्या. गोड चहा चालूच राहिला. हळूहळू त्यांचे पाय पायडलवर वेडेवाकडे पडू लागले. मी कधी भरधाव सुटे, कधी अडखळे. ते मात्र खुशीत होते.

"बघ," ते लेकीला म्हणाले, "गार लोखंडसुद्धा लागत नाही आता. पाय कसे मुरलेत कामात!"

"बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवा ना."

"दुखेल तेव्हा दाखवू की!"

ते दुखणं कधी आलंच नाही.

एके दिवशी जाड कापडात माझी सुई मोडली. तिचं टोक पायडलवर पडलं आणि मास्तरांच्या डाव्या तळव्यात रुतलं. मला ते दिसत होतं, पण साखरेने बधिर झालेल्या त्यांच्या पायाला कळलंही नाही. ते गुणगुणत शिवत राहिले. मला तोंड असतं तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. काही दिवसांनी लेकीला वास आला, तेव्हा जखम हाडापर्यंत चिघळली होती. मास्तर दवाखान्यातून परतले ते डाव्या पायाशिवाय.

कित्येक महिने मी खोळीखाली धूळ खात पडले. आता लेक शिवते आणि मास्तर शेजारी बसून बटणं लावतात. दुकान बंद करण्याआधी ती गिऱ्हाइकांचा आरसा जमिनीवर ठेवते आणि त्यांचा उरलेला तळवा त्यात निरखून बघते.

"अगं, काही नाही झालेलं," मास्तर खजील होऊन म्हणतात.

"ते मला बघू द्या, बाबा."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला साखरेचा त्रास असेल, तर त्यांचे तळवे रोज बघत जा. दुखण्याची वाट बघू नका. मी कुरकुरते, म्हणून मला तेल मिळतं. मास्तरांचा पाय कुरकुरला नाही. तो मुकाट्याने गेला.