मोहित्यांचं उपहारगृह

“बाईजी, उपहार में का मिलैगो?” दारातल्या गाडीवानाने विचारलं आणि सुलोचनाबाईंनी कपाळाला हात लावला.

“काही नाही मिलेगा! इधर रोटी मिलती है, रोटी!”

गाडीवान पाटीकडे संशयाने बघत निघून गेला. त्याची तरी काय चूक? शिवपुरीच्या रस्त्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत ‘उपहारगृह’ लिहिलेलं. मराठी माणसाला ते वाचून भूक लागते, हिंदी माणसाला वाटतं इथे भेटवस्तू वाटतात! ग्वाल्हेर संस्थानची फौज मोडली तेव्हा सूर्याजी मोहित्यांनी वर्दी उतरवून ही खाणावळ थाटली आणि पाटी स्वतः रंगवली. भोजनालय लिहा, म्हणून सुलोचनाबाईंनी नवऱ्याला परोपरीने सांगितलं. “आपल्या माणसांना कळतं ना? मग बस्स,” म्हणाले. हट्टी माणूस!

आणि आपली माणसं यायचीही. ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांतले मराठी कारकून सुट्टीला सायकली हाणत यायचे, अंगणात पंगत बसायची, नुसता दंगा. सूर्याजी वारले तरी ती पंगत चुकली नव्हती. यंदा मात्र मध्यभारत राज्यच नव्या मध्यप्रदेशात विरघळलं, राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्यांमागून माणसंही गेली.

दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी सायकल आली ती एकच. शरच्चंद्र गर्दे, सूर्याजींचे जुने दोस्त.

“भावजी, बाकीची मंडळी?”

“गेली, वहिनी. माझाही हुकूम आलाय. परवा निघतो.”

पंगतीचे मांडलेले पाट सुलोचनाबाईंनी उचलायला घेतले. पण चूल पेटलेली होती. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, लसणीची चटणी, वाफाळती कढी. पंगत नव्हती, म्हणून त्या समोरच पाट ओढून बसल्या.

“अर्धी तरी घ्या. माझी शपथ आहे.”

“पोटात जागा नाही हो!”

“भोपाळला कोण असं मागे लागणार आहे? घ्या चुपचाप.”

गर्द्यांनी हसत भाकरी घेतली. मग सूर्याजींच्या शिकारीच्या थापा निघाल्या. वाघ दर खेपेला वीतभर लांब व्हायचा, त्यावर दोघं पोट धरून हसली. हसता हसता सुलोचनाबाईंना वाटलं, हे जेवण संपूच नये. पोटापुरतं काहीही करून मिळेल. पण ना मूल ना बाळ, उद्यापासून आपल्या बोलीत बोलायचं कुणाशी?

हात धुऊन गर्दे घुटमळले. “वहिनी, रागावू नका. पाटी बदला आता. ती वाचणारं इथे कोणी उरलं नाही.”

“त्यांच्या हातची आहे ती!”

“म्हणून तर मी सांगतोय. दुसरं कोण सांगणार?”

“वा! स्वतः निघालात आणि वर मलाच शहाणपण शिकवा!” त्या फणकारल्या खऱ्या, पण डोळे भरून आले होते. “येत जा हं,” एवढंच कसंबसं म्हणाल्या. गर्दे “येईन” म्हणाले आणि खाली बघून सायकलवर बसले.

थंडी पडेपर्यंत सुलोचनाबाई अडून बसल्या. मग पीठच संपायला आलं. एका सकाळी त्यांनी त्या अक्षरांवर रंगाचा हात फिरवला. रंग वाळल्यावर वर लिहिलं, ‘भोजनालय’.

त्याच आठवड्यात अंगण भरलं. “अम्मा, दाल!” “अम्मा, एक रोटी और!” माणसं भली होती, चवीला नावाजत होती, त्यांची विचारपूसही करत होती. त्याही “हाँ भैया”, “आओ भैया” करत दिवसभर वाढत राहिल्या.

दिवेलागणीला शेवटची बैलगाडी रस्त्याला लागली. सुलोचनाबाई आत आल्या तर चुलीवर दूध वर येत होतं. त्यांनी धावत जाऊन पदराने पातेलं धरलं.

“थांब रे बाबा, थांब,” त्या म्हणाल्या. “तुलाही जायची घाई झाली का?”

दिवसभरातलं त्यांचं हे पहिलंच मराठी बोलणं होतं.