घणाचा दांडा

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी रेडिओच्या नांगराचा फाळ भट्टीत होता.

रेडिओ म्हणजे माझा शेजारी. त्याचं खरं नाव त्याच्या आईनंतर कुणी घेतलं नाही. सकाळी तोंड धुतल्यापासून जो सुरू होतो तो डोळा लागेपर्यंत बंद होत नाही, म्हणून रेडिओ. त्या दिवशी तो माझ्याकडे घण मारायला येणार होता. माझी बायको शहरात लेकीकडे गेली होती. पोटाचं लहानसं ऑपरेशन होतं, आठ दिवसांत परत यायची होती. आमच्या भट्टीत घण तीच मारायची. मी सांडशीत तापलेलं लोखंड धरायचो, उजव्या हातातल्या हातोडीने जागा दाखवायचो, आणि ती तिथे मारायची. सव्वीस वर्षं असंच. रेडिओ म्हणाला होता, "तू नुसता धर. वहिनीपेक्षा जोरात दणका देतो की नाही बघ."

तो आला आणि दारात उभा राहिला.

"ये की," मी म्हटलं. "लाल झालाय तुझा फाळ."

तो आत आला नाही. हातात मोबाइल होता. माझा फोन घरात खुंटीवरच्या पिशवीत असतो, भट्टीच्या पंख्यापुढे ऐकू येत नाही, म्हणून लेक त्याच्याच फोनवर निरोप द्यायची. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ज्या माणसाला मी कधी गप्प पाहिला नव्हता तो गप्प होता. मला तेवढ्यावरूनच कळलं. ती गेली, हे शब्द त्याने नंतर सांगितले.

मी पंखा फिरवतच राहिलो. लोखंड लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. त्यापुढे ठेवलं की ठिणग्या सुटतात आणि ते जळतं. जळलेलं लोखंड दिसायला लोखंडच असतं, पण घणाखाली मातीच्या ढेकळासारखं फुटतं. सव्वीस वर्षांत माझ्याकडून लोकांचा एक तुकडा जळला नव्हता. त्या दिवशी ठिणग्या उडताना दिसत होत्या, तरी हात पंख्यावरून निघत नव्हता. शेवटी रेडिओनेच माझं मनगट धरलं.

ती शहरात निघाली त्या सकाळी मी गाडीपर्यंत गेलो होतो.

"मी येऊ का बरोबर?" मी विचारलं.

"तुम्ही येऊन काय करणार? दवाखान्यात बाकावर बसून जांभया देणार. लोकांचे अकरा फाळ येऊन पडलेत. ते मी आल्यावर, तोवर विळे-खुरपी तरी उरकून ठेवा." मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "आणि घणाचा दांडा बदला हो. चिरलाय तो. चिंधी गुंडाळून किती दिवस मारू? मी येईपर्यंत नवा घालून ठेवा."

"घालतो."

"मागच्या महिन्यातही घालतच होतात."

तिच्या शेजारी बसलेली बाई हसली. मीही हसलो. समोरासमोर आमचं एवढंच शेवटचं बोलणं.

रेडिओ आणि मी शहरात गेलो. जे करायचं ते करून रेडिओ परतला. मला लेकीने ठेवून घेतलं. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि गॅलरीत जाळी लावून केलेली जागा. तिथे माझी कॉट टाकली. सकाळी आठला दोघंही कामावर जायची. मग मी गॅलरीत बसायचो. समोरच्या गॅलरीत माझ्याच वयाचा एक माणूस बसायचा. बारा दिवस आम्ही एकमेकांकडे बघितलं. एकदाही मान हलवली नाही. त्याने नाही, मीही नाही.

तेराव्या दिवशी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, आता तिकडे एकटे काय करणार? घण कोण मारणार तुमचा?"

"बघू."

"बघू नाही. ह्यांनी कारखान्यात विचारलंय."

जावई मान खाली घालून जेवत होता. "मामा, आमचे मालक दगड फोडायच्या छिन्न्या करून देतात," तो म्हणाला. "कापणारी, जोडणारी पोरं पुष्कळ आहेत. पाणी द्यायला माणूस नाही. छिन्नी एकतर वाकते, नाहीतर तडकते. तुम्ही एकदा येऊन तर बघा."

तापलेलं लोखंड किती निवल्यावर पाण्यात घालायचं, हे रंगावरून ओळखावं लागतं. त्यालाच पाणी देणं म्हणतात. मला तेवढं येतं. मी गेलो. पत्र्याची लांब शेड, आत दिवसाही दिवे. मालक चाळिशीचा होता, बोलायला बरा. माझ्या पहिल्या सहा छिन्न्या त्याने स्वतः दगडावर मारून बघितल्या. एकीचीही धार गेली नाही.

"काका, इतके दिवस कुठे होतात?" तो म्हणाला. जावयाची मान तेव्हा जरा वर आली.

मग त्याने जाड सळई दिली, यंत्राच्या घणाखाली लांब करायला. पायाखाली एक पट्टी असते. ती दाबून धरली की वरून ठोके पडतात, एकासारखा एक. मी डाव्या हाताने सळई धरली. उजव्या हातात सवयीने हातोडी होती. पट्टी दाबली. सळई हवी तेवढी झाली तशी मी कडेच्या लोखंडावर हातोडीचे दोन ठोके दिले. टण, टण. म्हणजे थांब. आमच्याकडे ऐरणीच्या टोकावर असे दोन वाजवले की ती उचललेला घणसुद्धा वरच्या वर आवरायची.

घण थांबला नाही. मी पुन्हा दोन वाजवले. जरा जोरात. पाय पट्टीवर तसाच दाबलेला. सळई पार पापडासारखी चपटी झाली.

"काका, पाय! पाय उचला!" मालक ओरडत आला. मग हसायला लागला. "मशीनला हातोडीने काय सांगताय? तिला कान नाहीत. पाय उचलला की संपलं."

पोरंही हसली. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. जावई दुसरीकडे बघत होता.

"होईल सवय," मालक म्हणाला. "एक तारखेपासून या."

मी हो म्हटलं. गावात घण मारणारं कुणी नव्हतं, आणि इथे घण आपोआप पडत होता. न पटण्यासारखं काहीच नव्हतं. लेकीने त्याच संध्याकाळी माझ्या कॉटसाठी नवी गादी आणली.

आता गावात जाऊन अकरा फाळ करून द्यायचे, भट्टी झाकायची आणि यायचं, एवढंच उरलं होतं.

गावात पोचलो तर नांगरटीचे दिवस निम्मे सरले होते. माती वाळून कडक झाली होती. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण येता-जाता भट्टीत डोकावायचे. रेडिओ घण मारायला आला. ऐरणीच्या पलीकडे एक फरशी टाकलेली होती. माझी बायको बुटकी, म्हणून तिला उभं राहायला मीच ती टाकली होती. रेडिओ फरशीवर चढला आणि बोलायला लागला.

"काय सांगत होतो, त्या ट्रॅक्टरवाल्याने काल..."

"मी दाखवतो तिथे मार."

"मारतोय की. तर तो ट्रॅक्टरवाला म्हणतो..."

घण सांडशीवर बसला. माझा हात कोपरापर्यंत झिणझिणला.

"बोलू नकोस ना जरा!"

"न बोलता माझा हातच चालत नाही रे. तू ऐकू नकोस, मी बोलतो."

दुसऱ्या फाळाला त्याने घण खाली ठेवला आणि आपला अंगठा तोंडात घातला. "वहिनी हे रोज करायची?" त्याने विचारलं, आणि अंगठा मुठीत धरून घरी गेला.

दोन्ही फाळ अर्धवट राहिले होते. मी निखारे विझवले, हत्यारं जागेवर ठेवली आणि रोजच्या सवयीने, काम संपल्याचे, ऐरणीच्या टोकावर दोन ठोके दिले. टण, टण.

भिंतीपलीकडून रेडिओची बायको ओरडली, "झालं का? ठेवते चहा!"

मग पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. जरा वेळाने ती भिंतीशी आली. डोळे पुसत नव्हती, पण तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"सवय हो भाऊजी," ती म्हणाली. "घण थांबून शेवटचे दोन ठोके वाजले की मी आधण ठेवायची. चहा उकळेपर्यंत ही बया तोंडावर पाणी मारून भिंतीवरून हजर. घड्याळ बघायला लागायचं नाही मला."

हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ते ठोके आम्हा दोघांचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओची बायको पदर खोचून भट्टीत आली.

"ह्यांच्या हातचं बघितलं काल. द्या तो घण इकडे."

"वहिनी, नाही जमायचं."

"वीस वर्षं पलीकडून ऐकतेय मी. दोन म्हणजे थांब. बाकीचं तुम्ही सांगा." ती उंच आहे. फरशीवर उभी राहिली तर तिला वाकावं लागत होतं. "ही मध्ये येतेय," म्हणत तिने पायाने फरशी सरकवली. मी ती उचलून भिंतीला लावली. त्याला जरा वेळ लागला. ती थांबली.

तिचा हात जड आहे. माझ्या बायकोचा ठोका पडायच्या आधी तिचा श्वास ऐकू यायचा. ही मोजते, एक, दोन, एक, दोन. पहिला फाळ वेडावाकडा झाला, दुसरा बरा, तिसऱ्याला मी ऐरणीवर दोन वाजवले आणि वर गेलेला घण वरच्या वर थांबला. मी तसाच उभा राहिलो.

"काय झालं? चुकलं का?"

"नाही. बरोबर आहे."

पाच दिवसांत दहा फाळ झाले. अकरावा रेडिओचा, जळलेला. त्याचं काही होण्यासारखं नव्हतं. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून मी त्याला नवा करून दिला.

शेवटच्या दिवशी वहिनी म्हणाली, "मी रोज येणार नाही हां, आधीच सांगते. माझं शेत आहे. बुधवारी आणि शनिवारी, बस. पण तुम्ही तर निघालात ना एक तारखेला?"

मी निखारे बाजूला ओढायला लागलो.

संध्याकाळी लेकीला फोन लावला.

"मालकांना सांग, मी येत नाही."

"बाबा! गादीसुद्धा आणलीय मी."

"पेरण्या झाल्या की येईन. चार दिवस झोपेन तुझ्या गादीवर."

"तिकडे आहे कोण तुमचं?"

"पलीकडे रेडिओ आहे," मी म्हटलं.

ती आधी हसली, मग रडली. मग म्हणाली, "फोन पिशवीतून बाहेर ठेवत जा." तो आता मी बाहेर ठेवतो.

बुधवार-शनिवार भट्टी पेटते. बाकीचे पाच दिवस थंड असते. त्या दिवशी मी एकटा करता येण्यासारखी धारेची कामं करतो, कानशीने. कानशीचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही. दुपारचा चहा माझा मीच करतो. कधी करतो, कधी राहतो.

वहिनी दर वेळी तळवा दाखवते. "भाऊजी, दांड्याच्या कुसळांनी हात सोलला माझा. बदला की." तिचं खरं आहे. मी चिवट लाकूड आणलं, तासलं, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केलं. नवा दांडा तयार होऊन दीड महिना झाला. भिंतीशी, फरशीच्या शेजारी उभा आहे.

जुना ठोकून काढायचा तर आधी त्यावरची चिंधी सोडावी लागते. ती माझ्या बायकोच्या हातची गाठ आहे. ती अजून सोडायची राहिली आहे.